मेंदूविज्ञानातले मोठे कोण, हे सायटेशन मोजून कळते का?

गेल्या रविवारी माझी भाची बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती चार पानांची छापील यादी घेऊनच. इथल्या विद्यापीठातून तिने प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले असून आता तिला मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायची आहे. इतर संशोधकांनी आपल्या लेखांत केलेल्या उल्लेखांच्या, म्हणजेच सायटेशनच्या, संख्येवरून तिने मार्गदर्शकांची नावे उतरत्या क्रमाने लावली होती. "मामा, वरच्या दहा जणांना आधी पत्र लिहिते, मग खाली येते," असे ती म्हणाली. माझी नोकरी ग्रंथालयात झाली आणि त्या नोकरीचा बराच काळ अध्यापकांसाठी अशाच याद्या तयार करण्यात गेला. म्हणून तिला जे सांगितले ते इथे सविस्तर लिहून ठेवतो.

तिच्या यादीचा पाया एच-इंडेक्स हा होता. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेले हे माप समजायला सोपे आहे: ज्याच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले, त्याचा इंडेक्स वीस. मात्र ज्याने आयुष्यात चारच लेख लिहिले आणि प्रत्येकाला हजार उल्लेख मिळाले, त्याचा इंडेक्स चारवरच थांबतो, आणि दहा लेखांना प्रत्येकी दहा उल्लेख मिळवणारा त्याच्या पुढे जाऊन बसतो. शिवाय वय वाढते तसा हा आकडा वाढतो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा उभी केलेली, विद्यार्थ्याला खरोखर वेळ देऊ शकणारी माणसे अशा यादीत तळाशी सापडतात.

सिमँटिक स्कॉलर या शोधयंत्राने 2016 मध्ये मेंदूविज्ञानातल्या प्रभावी संशोधकांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिले नाव लंडनच्या कार्ल फ्रिस्टन यांचे आले. हा मान त्यांना उगाच मिळाला असे मी म्हणणार नाही. मेंदूचे काम टिपणाऱ्या पेट आणि एफएमआरआय या तंत्रांच्या चित्रांतला कोणता भाग खरोखर सक्रिय झाला आणि कोणता केवळ योगायोगाने उजळ दिसतो, हे संख्याशास्त्राने ठरवण्याची एसपीएम ही पद्धत त्यांनी उभी केली आणि तिचे सॉफ्टवेअर सर्वांना मोफत दिले. जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरतात, आणि जो वापरतो तो उल्लेख करतो. म्हणजे त्यांच्या खात्यावरच्या उल्लेखांचा मोठा वाटा साधनाचा आहे. मेंदू कसा चालतो याविषयी त्यांनी मांडलेला सिद्धान्त किती जणांना पटला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ऑलिव्हर लोरी यांचेही असेच आहे. ते स्वतः मेंदूच्या रसायनाचे अभ्यासक, पण 1951 च्या त्यांच्या ज्या लेखाला तीन लाखांहून अधिक उल्लेख मिळाले, तो प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा आहे.

हे मला ग्रंथालयात रोज दिसत असे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. शिक्क्यांनी भरून गेलेल्या, एकीवर दुसरी डकवावी लागलेल्या चिठ्ठ्या शब्दकोशांच्या आणि परीक्षेच्या गाइडांच्या असत. ज्या ग्रंथाने एखाद्या विद्यार्थ्याच्या विचारांची दिशा बदलली, त्याच्या चिठ्ठीवर कधी कधी पाच-सहाच शिक्के असत.

याची दुसरी बाजू मला अधिक टोचते. मेंदूतल्या पेशी स्वतंत्र असतात, त्यांचे अखंड जाळे नसते, हे दाखवणारे रामोन इ काहाल 1888 मध्ये आपले निष्कर्ष स्पॅनिशमध्ये, स्वतःच काढलेल्या नियतकालिकात छापत होते. ते वाचणारे फार थोडे होते, म्हणून पुढच्या वर्षी ते आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनला गेले आणि तिथल्या शरीररचनाशास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली त्या प्रत्यक्ष दाखवल्या. 1906 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण 1888 साली कोणी यादी केली असती, तर त्यांचे नाव तीत नसते. आपल्याकडचे बाळ कृष्ण आनंद यांनी जॉन ब्रोबेक यांच्यासह 1951 मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये भुकेचे नियंत्रण करणारा भाग दाखवला. तो शोध पाठ्यपुस्तकांत इतका मुरला की तो सांगताना मूळ लेखाचा उल्लेख करण्याची गरज अनेकांना वाटत नाही.

नावांच्या गोंधळाविषयीही बोलावेच लागेल, कारण त्याचा फटका मी जवळून पाहिला आहे. एका संस्थेत आडनाव आणि आद्याक्षर दोन्ही सारखे असलेले दोन अध्यापक होते. निवड समितीपुढे ठेवलेल्या तक्त्यात दोघांचे लेख एकत्र झाले आणि वरिष्ठांच्या खात्यावर धाकट्याची सात वर्षांची मेहनत जमा झाली. चूक कळली तोवर निवड होऊन गेली होती. जोशी, कुलकर्णी, पटेल अशी आडनावे असलेल्यांनी 2012 पासून मिळणारा ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख देणारा आकडा, पहिल्या लेखापासूनच घ्यावा, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलो आहे. त्यातच उल्लेख मोजणाऱ्या सेवांपैकी गुगल स्कॉलर प्रबंध आणि पुस्तकेही मोजते, स्कोपस निवडक नियतकालिकांवर भर देते. त्यामुळे एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात, आणि भाचीने ते एकाच यादीत मिसळले होते.

स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस यांनी सहा निकष एकत्र करून, लेखकांच्या यादीतला क्रम लक्षात घेऊन आणि स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वगळल्यास काय होते हेही दाखवून संशोधकांचा जो माहितीकोश तयार केला, तो मला त्यातल्या त्यात प्रामाणिक प्रयत्न वाटतो. तरीही उल्लेख कशासाठी झाला, हे त्यातही कळत नाही.

ते कळण्यासाठी आम्ही तिच्या यादीतल्या बाराव्या नावाचा एक लेख घेतला आणि त्याचा उल्लेख करणारे चाळीस लेख उघडून बसलो. प्रत्येकातले ते एक वाक्य वाचून कागदावर तीन रकाने भरले: नुसती पद्धत वापरली, जाता जाता नाव घेतले, आणि लेखातल्या विचाराशी वाद घातला किंवा तो पुढे नेला. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या रकान्यात सहा नोंदी झाल्या. त्यांपैकी चार एकाच तरुण संशोधिकेच्या होत्या, आणि तिचे नाव भाचीच्या चार पानांत कुठेच नव्हते. पहिले पत्र त्या संशोधिकेलाच लिहायचे असे भाचीने ठरवले आहे. मसुदा ती गुरुवारी दाखवायला आणणार आहे.