तुम्ही विचारलंत म्हणून: क्लबांकडे एवढा पैसा, मग तुमचा धंदा एवढासाच का?

व्यावसायिक फुटबॉल क्लबांसाठी सामन्यांच्या आणि खेळाडूंच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर करतो, असं सांगितलं की समोरून हा प्रश्न येतोच. एकेका खेळाडूवर पाण्यासारखा पैसा ओतणारी माणसं, मग तुम्हाला काय कमी? विचारणाऱ्याच्या मनात खोच नसते, म्हणून आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगतो.

आधी गिऱ्हाइकं मोजा. इंग्लंड, स्पेन, इटलीच्या पहिल्या श्रेणीत प्रत्येकी २०, जर्मनी आणि फ्रान्समध्ये प्रत्येकी १८. पाच मोठ्या लीग मिळून ९६ क्लब. खालच्या श्रेणींत क्लब भरपूर, पण तिथे बहुधा एकच ॲनालिस्ट व्हिडिओही कापतो, रिपोर्टही करतो. आणि क्लबात पैसा आहे हे खरं असलं, तरी तो पगारात आणि ट्रान्सफरमध्ये, म्हणजे खेळाडू विकत घेण्यात जातो. आपलं बिल परफॉर्मन्स विभागाच्या किरकोळ खर्चातून निघतं. त्यातही युरोपात बहुतेक करार ३० जूनला संपतात, त्यामुळे पुढच्या हंगामाचं बजेट वसंतातच ठरतं. ऑक्टोबरमध्ये फुकट ट्रायल दिली आणि ती कोणाच्याच जबाबदारीत नसली, तर मार्चपर्यंत लोक पासवर्ड विसरलेले असतात.

"पण एकदा बनवलं की सगळ्यांना तेच विकायचं ना?" नाही. एक साधं उदाहरण घ्या. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. सामन्यांचा डेटा पुरवणारं ऑप्टा मैदान ० ते १०० मध्ये मोजतं आणि हा ठिपका ८८.५ वर धरतं. १०५ मीटरच्या मैदानावर सरळ गुणाकार केला, तर ठिपका गोलपासून १२ मीटरवर जातो. स्टॅट्सबॉम्ब या दुसऱ्या पुरवठादाराचं मैदान १२० बाय ८०, तिथे ठिपका १०८ वर. तोच गुणाकार आता साडेदहा मीटर दाखवतो. एकच पेनल्टी, दीड मीटरचा फरक. म्हणून गोलरेषा, छोटी पेटी, ठिपका, मोठी पेटी, मध्यरेषा असे मैदानाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा ताणावा लागतो. शिवाय मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. कॅमेऱ्याच्या ट्रॅकिंगमध्ये ते दिसतं, ऑप्टाच्या नोंदींत मात्र संघ कायम एकाच दिशेने हल्ला करतो. नावांचा घोळ निराळाच. मँचेस्टर सिटीत डेव्हिड आणि बर्नार्डो असे दोन सिल्वा एकाच वेळी खेळत होते. एक पुरवठादार पूर्ण नाव देतो, दुसरा जर्सीवरचं. जन्मतारीख जुळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या कामाचं कौतुक कोणी करत नाही, पण ते चुकलं की फोन येतो.

हे सगळं सोसता येतं. दुखतं ते प्रशिक्षकाची हकालपट्टी होते तेव्हा. रविवारी सामना हरतात, सोमवारी घोषणा होते, आणि आठवडा संपायच्या आत नवा प्रशिक्षक आपली माणसं घेऊन येतो: सहायक, फिटनेस कोच, ॲनालिस्ट. त्यांच्या लॅपटॉपमध्ये त्यांची शीटं आधीच तयार असतात. मागच्या फिटनेस कोचने ताशी १९.८ किलोमीटरच्या वर हाय-स्पीड आणि २५.२ च्या वर स्प्रिंट धरलेलं असतं. नव्याला हवी असते प्रत्येक खेळाडूच्या कमाल वेगाच्या ८५ टक्के ही सीमा. म्हणजे ३४ ने पळणाऱ्या विंगरची, कडेने हल्ला करणाऱ्याची, स्प्रिंट २८.९ ला सुरू होणार, आणि २९ च्या सेंटर-बॅकची, मधल्या बचावपटूची, २४.६५ ला. एका रात्रीत विंगरची बेरीज घसरते, सेंटर-बॅकची वाढते, आणि दोघेही कालच्याइतकेच पळलेले असतात. नवा कोच म्हणतो, तुमचे आकडे चुकतात.

यातून वाचायचं तर कच्चा डेटा पहिल्या दिवसापासून जपलेला हवा. १० हर्ट्झचं जीपीएस यंत्र ९० मिनिटांत एका खेळाडूच्या ५४,००० ओळी देतं, २५ जणांच्या साडेतेरा लाख. जागा वाचवायला नुसत्या बेरजा ठेवल्या असतील, तर नव्या सीमेने जुना हंगाम पुन्हा मोजता येत नाही, आणि विषय तिथेच संपतो. कच्चा डेटा असला तरी कमाल वेग गाळून घ्यावा लागतो. स्टँडच्या छपराखाली उपग्रह दिसेनासे झाले की यंत्र मध्येच ३८ चा खोटा वेग दाखवतं. तो कमाल म्हणून बसला, तर ८५ टक्क्यांची सीमा ३२.३ वर जाते आणि तो खेळाडू कागदावर पुन्हा क्वचितच स्प्रिंट मारतो. म्हणून उपग्रहांची संख्या, सिग्नलचा दर्जा, आणि तो वेग निदान अर्धा सेकंद टिकला का, एवढं तपासल्याखेरीज नवा कमाल मान्य करायचा नाही. यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं तर तीही तारीख नोंदवायची, कारण अशा अपडेटनंतर ॲक्सेलरेशनचे आकडे बदलू शकतात आणि तो दोष सरावावर जातो.

एवढं सगळं चोख असूनही नवा स्टाफ कधीकधी सरळ सांगतो, आम्ही आमचंच वापरतो. आकड्यांवर वाद घालायची संधीच मिळत नाही.

मी पूर्वी ठामपणे म्हणायचो की प्रशिक्षकाला विकू नका, स्पोर्टिंग डायरेक्टरला, म्हणजे क्लबाचं खेळाचं धोरण पाहणाऱ्याला विका, तो टिकतो. तत्त्व पटण्यासारखं आहे. पण डायरेक्टर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि रिन्यूअलच्या वेळी शेवटचं लॉग-इन कोणाचं, हेच पाहिलं जातं. मग खालून, कोच आणि ॲनालिस्टपासून सुरुवात करावी, तर खालची माणसं जातात. "लीगलाच विका की" असंही सुचवतात. लीगचं कंत्राट मोठं असतं, वर्षानुवर्षं एकाकडेच राहतं, आणि ते हुकलं की मधे काहीच उरत नाही.

आणि हो, रविवारी एकमेकांविरुद्ध खेळणारे दोन्ही क्लब आपलेच ग्राहक असू शकतात. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, किल्ल्या वेगळ्या, आपल्या कोणत्या माणसाने काय उघडलं याची नोंद वेगळी, हा खर्च चुकत नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहेच. दुखापतीचा तपशील आरोग्याच्या विशेष माहितीत मोडतो, आणि खेळाडूने स्वतःचा डेटा मागितला तर क्लबाला साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. लोनवर, म्हणजे ठरावीक काळ दुसऱ्या क्लबात खेळायला गेलेल्या खेळाडूचा डेटा मूळ क्लबाने किती पाहायचा, हा प्रश्न दोन्ही क्लब आम्हालाच विचारतात. तो करारात लिहिलेला नसला, तर आमच्याकडे उत्तर नसतं.

करार संपला की आम्ही सगळा कच्चा डेटा साध्या सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या तक्त्याच्या फाइलीत परत देतो, मुदत न लावता. नव्या पुरवठादाराचं काम त्याने सोपं होतं, हे कळतं. जुना फिटनेस कोच पुढच्या क्लबात गेल्यावर आम्हालाच बोलावतो, असंही कधीकधी होतं. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून यावर आमच्यातच दर हंगामाला भांडण होतं, आणि यंदाचं अजून मिटलेलं नाही.