लँकेस्टरच्या आमिश आणि मेनोनाइट शेतांवर: शेणखताच्या नियोजनाची माहिती देताना

मार्चमध्ये थंडी ओसरताच अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर काउंटीत (जिल्ह्यात), आमिश आणि मेनोनाइट या साधी राहणी जपणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या शेतांवर, शेणखताच्या नियोजनाची माहिती देत तीन दिवस फिरलो. या राज्यात शेणखत पसरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याकडे, शेत कितीही लहान असले तरी, त्याचे लेखी नियोजन असावे लागते. लँकेस्टरच्या ओढ्यांचे पाणी सस्क्वेहॅना नदीतून चेसापीकच्या उपसागराला मिळते. हे नियोजन शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने लिहिता येते, आणि त्याला ते पटवून देणे हेच या कामातले सर्वांत मोलाचे आहे असे मला वाटते.

पहिल्याच आमिश घरात स्वयंपाकघरातील मेजावर शेताचा नकाशा अंथरला होता आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेखाली कोणत्या वावरात खताच्या किती गाड्या गेल्या हे पेन्सिलीने टिपलेले होते. नोंदी चोख होत्या. फक्त एका गाडीने एकरी किती खत पडते याचा हिशेब नव्हता. तो आम्ही शेतातच केला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद ताडपत्री पसरली, खेचरांनी ओढलेली खताची गाडी नेहमीच्या चालीने तिच्यावरून नेली आणि पडलेले खत ताडपत्रीसकट तोलून ताडपत्रीचे वजन वजा केले. पौंडातील आकड्याला ०.२१८ ने गुणले की एकरी टन मिळतात. ६० पौंड भरले, म्हणजे एकरी सुमारे १३ टन. शेतकऱ्याने तो आकडा लगेच दिनदर्शिकेवर लिहिला.

१५ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात ओढ्यापासून १०० फुटांच्या आत खत टाकायचे नाही, हा नियमही नकाशावर रंगीत पेन्सिलीने पट्टा ओढून दाखवला की चटकन ध्यानात येतो.

यापुढे अशी माहिती द्यायला जाणाऱ्यांनी लॅपटॉपवर विसंबू नये. मोठ्या अक्षरांतील छापील तक्ते न्यावेत. शाळा आठवीपर्यंतच झालेली असली तरी ही मंडळी वाचनात आणि हिशेबात पक्की असतात, त्यामुळे भाषा सोपी ठेवावी, मजकूर मात्र कमी करू नये. घरात फोन नसल्याने आठवडाभर आधी पत्र पाठवणे उत्तम. सकाळ-संध्याकाळची दुधाची वेळ आणि रविवार टाळावा. नोव्हेंबरमधील मंगळवार आणि गुरुवार लग्नांचे असतात. छायाचित्रे काढू नयेत. सर्वांना एकाच मापाने मोजणेही चुकीचे ठरेल: मेनोनाइटांमधला वेंगर हा गट पाहा, ते शेतात लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर चालवतात, पण रस्त्यावर घोडागाडीच वापरतात. कोणती अवजारे आहेत हे आधी विचारावे आणि मगच सल्ला द्यावा.

प्रत्येक घरी तक्त्याच्या तीन-चार जादा प्रती अवश्य ठेवाव्यात. मी पहिल्या घरी ठेवलेली एक प्रत दुसऱ्या दिवशी दोन शेते पलीकडच्या गोठ्यात, दुधाच्या टाकीशेजारी खिळ्याला अडकवलेली दिसली, आणि तिच्यावर त्या शेतकऱ्याने आपल्या गाडीचे आकडे आधीच भरलेले होते.