राणी रंगाचा मासा

दिवाळीच्या सुट्टीत भाचरं आठवडाभर आमच्याकडे होती. ओवी चौथीत, शर्व दुसरीत आणि कबीर अजून बालवाडीत. कबीरच्या हातात कात्री द्यायची नाही, असा बहिणीचा सक्त हुकूम. मग म्हटलं, कात्रीच नको कोणाला, फाडूनच चित्रं करू.

बोहरी आळीत पतंगी कागद घ्यायला गेले. दुकानदाराने विचारलं, "कंदिलाला?" म्हटलं, "नाही हो, मुलांना फाडायला." तो हसला आणि कोपरे फाटलेले ताव आतून काढून अर्ध्या किमतीत दिले. पिवळा, निळा, हिरवा, केशरी आणि झगझगीत राणी.

खळ घरीच शिजवली. वाटीभर मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. बाबा कंदिलाच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. ते विष. आणि कबीर खळ चाटतो, हे मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. त्यामुळे साधीच खळ, तीही तीन दिवसांत आंबली.

फाडताना ओवीने शोध लावला. "मावशी, हा कागद असा फाडला की ऐकतो आणि असा फाडला की ऐकतच नाही." खरंच आहे ते. कारखान्यात कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. त्या दिशेने फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. तिने सरळ पट्ट्यांचं शेवाळ केलं आणि वाकड्या तुकड्यांच्या लाटा. निळ्यावर पिवळा चिकटवून हिरवा मिळाल्यावर तर हिरव्या तावाला कोणी हातच लावेना.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. कबीरने राणी रंगाचा अख्खा तुकडा खळीच्या भांड्यात बुडवला. पतंगी कागदाचा रंग ओला झाला की सुटतो, त्यात राणी सगळ्यात बेइमान. भांडंभर गुलाबी खळ झाली आणि शर्वने तीच ब्रशने आपल्या निळ्या माशावर फिरवली. मासा जांभळट, पार्श्वभूमी गुलाबी, शर्व लालबुंद.

मी लगेच "अय्या, किती वेगळा दिसतोय!" सुरू केलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच बसले. त्याला निळा मासा हवा होता, वेगळा नको होता. मग नवी खळ शिजवली. या वेळी दाट खळ खालच्या कार्डावर लावायची, कागद कोरडाच वर ठेवायचा आणि सुक्या फडक्याने दाबायचा; वरून ब्रश अजिबात नाही. रंग जागचा हलला नाही. जांभळा मासा त्याने उदारपणे कबीरला देऊन टाकला.

उरलेल्या राणी रंगाचं मी खिडकीसाठी काहीतरी केलं. दुधाच्या पिशव्या फाडून, धुऊन, पालथ्या टाकल्या. त्यावर खळ, कागदाचा थर, पुन्हा खळ, पुन्हा थर. (वर्तमानपत्रावर करू नका, ते कायमचं चिकटतं. अनुभवाचे बोल.) रात्रभर वाळल्यावर पिशवीवरून अख्खा पापुद्रा सुटून आला. मुलांनी तो फाडून त्याचा मासा केला आणि स्वयंपाकघरातल्या काचेवर लावला. सकाळी सात वाजता फ्रीजवर गुलाबी डाग पडायचा आणि कबीर तो पुसायला जायचा.

मुलं गेली. हॉलच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर पाच गुलाबी बोटं अजून आहेत. खिडकीतल्या माशाचा रंग मात्र उन्हाने पंधरा-वीस दिवसांतच उडाला, आता जवळपास पांढरा झालाय. परवा व्हिडिओ कॉलवर शर्वला दाखवला, तर म्हणाला, "मावशी, निळा ताव उरलाय ना?"