सॅडल अपडेट: १४५ मिमी, नाक दोन अंश खाली

हार्डटेलवरचं (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) १३० मिमी रुंदीचं सॅडल, म्हणजे सीट, उतरवलं, १४५ चं चढवलं. नाक आखूड, मध्ये आरपार खाच, रेल (सॅडलखालच्या दोन दांड्या) क्रोमोलीच्या, म्हणजे मिश्र पोलादाच्या. कार्बन रेलमुळे थोडे ग्रॅम वाचले असते, पण त्या बहुतेक अंडाकृती असतात, ७ बाय ९ मिमी. माझ्या सीटपोस्टचा (सॅडल धरणारी नळी) क्लॅम्प ७ मिमीच्या गोल रेलचा, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

रुंदी घरीच मोजली. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, पातळ चड्डीवर बसायचं आणि पुढे वाकायचं. उठल्यावर टॉर्चचा उजेड तिरपा मारला की बसायच्या हाडांचे दोन खळगे स्पष्ट दिसतात. माझे मध्यापासून मध्यापर्यंत १२४ मिमी भरले. त्यात वीसेक मिमी मिळवले. ताठ बसून चालवणाऱ्यांनी जास्त धरावेत. पुढे झुकलं की कंबर फिरते आणि टेकणारा भाग अरुंद होतो.

गादी मात्र मुद्दाम कडक घेतली. ग्रुपमध्ये नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण आधी जेल कव्हर घेतो. दुकानाबाहेर एक चक्कर मारेपर्यंत झकास वाटतं! तासाभरानं हाडं फोममध्ये रुततात, मधला फोम वर येतो आणि नेमका नाजूक जागी दाबतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या चेपल्या की बधिरपणा येतो. तो अंगवळणी पडायची वाट बघू नका, सेटिंग बदला. आणि पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर नको, हे परत एकदा सांगतो.

खरा वेळ गेला तो सॅडलचा कल ठरवण्यात. सपाटीवर लेव्हल असलेलं सॅडल वेताळ टेकडीच्या चढाला लागलं की नाक वर करतं. दहा टक्के चढ म्हणजे सायकल साडेपाच अंशांहून जास्त मागे कलते, आणि तेव्हाच आपण सगळ्यात जास्त बसून पेडल मारत असतो. म्हणून सॅडलवर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून, वर फोनचं लेव्हल अ‍ॅप लावून नाक उतरवत गेलो. चार अंशांवर चढ मस्त, पण सपाटीवर घसरून सगळा भार तळहातांवर. दोन अंशांवर दोन्हीकडे जमतं.

उतारावर ड्रॉपर (चालवताना खाली-वर होणारी सीटपोस्ट) खाली असतो, तिथे गादीचा संबंध नाही. तिथे बघायची ती मागची कड. हिची कड गोल आहे आणि शिवण खालच्या बाजूला, त्यामुळे मुरमाच्या उतारावर मागे सरकून परत पुढे येताना शॉर्ट्स अडकत नाहीत.

तीव्र चढावर अजून नाकाकडे सरकायला होतंय. म्हणून रेल पाच मिमी पुढे घेतल्यात. त्यानं पेडलपर्यंतचं अंतर किंचित कमी होतं, तेवढी उंची दोन मिमी वाढवली. गुडघ्यांची तक्रार आली नाही तर हेच कायम.