शिवेवरचा राखणदार

आषाढ, मंगळवार

आज वार पाळणुकीचा दिवस. भातलावणीची घाई आणि पाऊस हाताशी, तरीही आमच्या शिवारात कुणी पाऊल टाकले नाही. वडगावच्या मंगाईदेवीच्या यात्रेआधी बेळगाव परिसरात असे वार पाळतात. त्या दिवशी शिवार देवीचे आणि शिवेची राखण करणाऱ्या अदृश्य राखणदाराचे, माणसाने आडवे जाऊ नये, असे जुनी मंडळी सांगतात.

राखणदारावर तुमचा विश्वास आहे का, असे इकडे कुणी कुणाला विचारत नाही. विहीर खोदण्याआधी नारळ दिला का, एवढेच विचारतात. आमच्या बांधावरच्या राखणदाराच्या शेंदूर फासलेल्या दगडाभोवती ट्रॅक्टरवालाही वळसा घालतो, त्यामुळे तेवढी जमीन कायम पड राहते आणि तिथले गवत दोन्हीकडच्या भाऊबंदांची जनावरे खातात. मोजणीचे दगड रातोरात सरकल्याच्या तक्रारी आमच्या भागाला नव्या नाहीत, पण शेंदूर लावलेला दगड सरकल्याचे मी अजून ऐकलेले नाही. घाटाखाली आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. गस्त घालणाऱ्याच्या पायात वहाण हवीच, हा हिशेब मला फार आवडतो. विहिरीतल्या साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांच्या, धाकाने तर कठडा नसलेल्या विहिरींपासून कितीतरी पोरे लांब राहिली असतील.

मात्र याच अदृश्य मंडळींच्या नावावर एखाद्या सुनेला ‘बाहेरचे लागले’ म्हणून देवऋषापुढे बसवून मारहाण होते, तेव्हा परंपरेचे कौतुक करणारी माझी जीभ गप्प बसते. महाराष्ट्राने 2013 मध्ये आणि कर्नाटकाने 2017 मध्ये अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदे केले, हे योग्यच झाले. नारळ फोडणाऱ्याने या कायद्यांना भिण्याचे कारण नाही; दोन्ही राज्यांत सीमेवरून किती का वाद असेना, एवढ्या बाबतीत त्यांचे एकमत आहे.

सध्या आमच्या शिवाराला लागून प्लॉट पडत आहेत. नकाशातल्या रस्त्यात असाच एक शेंदराचा दगड आला आहे, आणि तो हलवण्यापूर्वी राखणदाराला गाऱ्हाणे, म्हणजे विनवणी, कोणी घालायचे, जमीन विकणाऱ्याने की घेणाऱ्याने, यावर संध्याकाळी देवळात पंचमंडळी बसणार आहेत.