आण्णांचा प्लॉट आणि पुतण्याचा ब्रेक

परवा पुतण्याला ब्रेक मिळाला. चाकणच्या कारखान्यांकडच्या लोकांना यात नवीन काही नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो, वर्षभरात 240 दिवस भरले की कामगार कायम करा म्हणू शकतो ना, म्हणून सातव्या महिन्यातच ठेकेदार घरी बसवतो आणि गरज पडली तर परत बोलावतो. त्याचा हा तिसरा ब्रेक. पोरगा आयटीआय फिटर, निगडीला आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे राहतो. आणि गंमत बघा, आमचे आण्णापण आयटीआय फिटरच.

आण्णा मूळचे माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात आजी-आजोबा खडी फोडायला जायचे, सुकडी खाऊन दिवस काढलेले. मग पुण्यात औंधच्या आयटीआयला नंबर लागला, पिंपरीत अॅप्रेंटिस आणि वर्षभरात पर्मनंट!! ओव्हरटाइम, कंपनीची बस, दिवाळीला बोनस. 1984 ला निगडीत पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाचा प्लॉट लागला, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, मग पतपेढीचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या मोडल्या आणि तीन खोल्या उभ्या केल्या. एकट्या फिटरच्या पगारात.

मी त्याच घरात वाढलो. 1983 ला वसंतदादांनी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यातल्याच एकात शिकलो, फी काही थोडीथोडकी नव्हती पण सात तारखेला पगार येणार म्हणजे येणार या भरवशावर आण्णांनी हप्त्याहप्त्याने भरली. 2004 ला हिंजवडीत लागलो. तिसऱ्या वर्षी माझा पगार आण्णांच्या पुढे गेला, त्यांची तेव्हा 29 वर्षं नोकरी झालेली, मला इतकं कसंनुसं झालं की आठवडाभर घरी सांगितलंच नाही. (आईला स्लिप सापडली. तिने पेढे आणले.)

आता वाकडला फ्लॅट आहे, बायको पण कमावते तरी 20 वर्षांचा हप्ता. आण्णांसारखा प्लॉट आज निगडीत घ्यायचा म्हटला तर आम्हा दोघांना मिळून झेपणार नाही, हे मी आण्णांना एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "मग शिकून केलंस काय?"

पण माझी रड जाऊ द्या, माझं बरं चाललंय. लग्नाकार्यात पाहुणे पुतण्याला ऐकवतात ना, काकाकडं बघ जरा, कुठल्या कुठं गेला, तेव्हा मला खरंच मान वर करवत नाही. अरे, मी जिथून सुरुवात केली तिथवर आण्णांनी आणून सोडलं होतं. हे पोरगं सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवरचं मशीन चालवतं, ड्रॉइंग वाचतं, आण्णा स्वतः म्हणतात याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. त्याला ना पर्मनंट मिळणार ना त्या पगारावर कुठली बँक कर्ज देणार, आणि उद्या त्याच्या पोराची फी तो कसल्या भरवशावर भरणार?

रविवारी गेलो तर आण्णांनी माळ्यावरची जुनी पेटी खाली काढलेली. त्यातला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) रॉकेलनं पुसून पुतण्याच्या हातात दिला, त्यानं पण उलटसुलट करून बघितला, आमच्याकडे आता डिजिटल असतो म्हणाला, तरी बॅगेत ठेवला. मग आण्णांनी विचारलं, "ठेकेदाराचा फोन आला का रं?"

"नाय अजून."

"चार्जिंगला लाव की मग तो मोबाईल."

त्यानं लावला.