कयाक काढण्याआधी तिथी बघा

ठाणे खाडीत कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, वल्हवायची तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ही मुंबई किनाऱ्याची वेळ. ऐरोली-ठाण्याकडे आत थोडी उशिराच धरा. भरतीच्या दोन तास आधी निघायचं, पाणी चढतंय तोवर आत जायचं आणि ओहोटी लागताच परतायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं. नवख्यांना अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरतीच बरी.

वेळ चुकली की कयाक चिखलात बसते. तेव्हा खाली उतरायचं नाही, पाय मांडीपर्यंत रुततो आणि जोर लावला की आणखी. बसल्या जागी मागे सरकून कयाकचं नाक हलकं करा, वल्हं आडवं टेकवून मागे रेटा. नाहीच हललं तर बसून राहा, पुढच्या भरतीपर्यंत. म्हणून पाणी माणशी दोन लिटर.

निघण्याआधी कयाकच्या आतलं पाणी काढायचं मागचं बूच घट्ट आहे ना, ते पिळून बघा. कयाक एका बाजूला कलायला लागली तर बहुतेक वेळा दोष तिथलाच असतो.

शर्यतीची के-वन, म्हणजे एकट्याने वल्हवायची कयाक, हा वेगळाच प्रकार: ५.२० मीटर लांब, किमान १२ किलो, आणि अरुंद. ती तलावातच शिकावी.

फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. थव्याजवळ तर जाऊच नये.